बंद खोली आणि बदललेला प्रश्न : एका विद्यापीठीय वसतिगृहाच्या भूतकथांचे वाचन

१

मराठी समीक्षेत 'भूतकथा' हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखनामुळे भयकथेला आणि गूढकथेला मोठा वाचकवर्ग लाभला. परंतु त्या लेखनाची चर्चा बहुतांशी रंजनपर साहित्याच्या सदराखालीच होत राहिली. दुसऱ्या बाजूला लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी भुताखेतांची नोंद घेतली ती लोकसमजुती आणि लोकभ्रम या दृष्टीने. साहित्यसमीक्षेने भूतकथेतील कथा गंभीरपणे घेतली नाही आणि लोकसाहित्याच्या अभ्यासाने तिच्यातील समजुतीकडेच अधिक लक्ष दिले. त्यामुळे एक साधा प्रश्न दोन्हीकडून राहून गेला. एखादा समूह आपल्या जागेत घडलेल्या मृत्यूविषयी जेव्हा भूतकथा सांगतो, तेव्हा तो त्या मृत्यूचे नेमके काय करतो?

हा प्रश्न विचारण्यासाठी प्रस्तुत लेखात वसतिगृहातील भूतकथांचा विचार करावयाचा आहे. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने या कथा ऐकलेल्या असतात आणि बहुतेकांनी त्या पुढे सांगितलेल्याही असतात. तरीही आपल्याकडे त्या तोंडी परंपरेतच राहिल्या. अमेरिकेत मात्र १९६०च्या दशकापासून लोकविद्येच्या अभ्यासकांनी त्या पद्धतशीरपणे गोळा केल्या. या सामग्रीचा लाभ घेऊन ओहायो राज्यातील अथेन्स या गावी असलेल्या ओहायो विद्यापीठाचे विल्सन हॉल हे वसतिगृह येथे विवेचनासाठी निवडले आहे. याचे कारण त्या वसतिगृहाची कीर्ती हे नव्हे. तेथे भूतकथा आणि तिच्या आसपासचा दस्तऐवजी इतिहास हे दोन्ही एकमेकांशेजारी उपलब्ध आहेत. त्यामुळे कथेने काय घेतले, काय सोडले आणि काय बदलले, हे तपासून पाहता येते. भूतकथेच्या अभ्यासकाला अशी संधी क्वचितच मिळते.

२

ओहायो विद्यापीठाची स्थापना १८०४ साली झाली. विल्सन हॉल त्याच्या मानाने अगदी अलीकडचा. १९६०च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. तेव्हा 'वेस्ट ग्रीन' नावाच्या परिसरात एकसारख्या दिसणाऱ्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. पडका वाडा, जुनी हवेली, वंशपरंपरागत शाप असे भूतकथेला अनुकूल मानले गेलेले कोणतेही साहित्य या इमारतीत नाही. तिच्या भिंती विटांच्या आहेत, खोल्यांना क्रमांक आहेत आणि दरवर्षी तेथे नवे रहिवासी येतात.

या इमारतीतील ४२८ क्रमांकाची खोली दीर्घकाळ निवासासाठी दिली गेलेली नाही. ती का बंद आहे, याची विद्यार्थी जी उत्तरे देतात, ती म्हणजेच विल्सन हॉलची भूतकथा. तिची रूपे अनेक आहेत. सर्वाधिक प्रचलित रूपानुसार १९७०च्या दशकात त्या खोलीत राहणारी एक व्यक्ती गूढविद्येचे प्रयोग करीत असे आणि त्यातच तिचा भीषण अंत झाला. नंतर राहायला आलेल्यांना वस्तू आपोआप हलताना, दारे आपटताना दिसली. पावलांचे आवाज ऐकू आले. अखेर खोलीला कुलूप लागले. काही रूपांत ही व्यक्ती मुलगा आहे, काहींत मुलगी. कथेला आणखी एक जोड आहे. अथेन्सच्या आसपासच्या पाच दफनभूमी नकाशावर रेषांनी जोडल्या तर पंचकोनी तारा तयार होतो आणि त्याच्या मध्यभागी विल्सन हॉल येतो, असे सांगितले जाते. ज्या भागात लहानमोठ्या दफनभूमी मुबलक आहेत, तेथे त्यांतील सोयीच्या पाच निवडून हवी ती आकृती काढणे अवघड नाही. परंतु या रेखाटनाकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहता येणार नाही. इतिहास नसलेल्या इमारतीला इतिहास मिळवून देण्याची ती धडपड आहे. कथेला स्वतःच्या घरात मृत सापडत नाहीत, म्हणून ती ते आसपासच्या टेकड्यांवरून गोळा करून आणते.

त्या टेकड्यांवर खरोखरच मृत आहेत. विद्यापीठाच्या परिसराला लागून, हॉकिंग नदीच्या पलीकडे, १८७४ साली सुरू झालेले एक मनोरुग्णालय होते. थॉमस कर्कब्राइड यांच्या योजनेनुसार ते बांधलेले होते. प्रशस्त पंख, भरपूर उजेड आणि हवा, सभोवती बागा व शेती अशी वास्तूच रुग्णाला बरे करील, हा त्या योजनेमागील विश्वास होता. पुढे रुग्णसंख्या इमारतीच्या क्षमतेपलीकडे गेली आणि तो विश्वास मागे पडला. १९९३ साली रुग्णालय बंद झाले, तेथील वास्तू विद्यापीठाकडे आल्या आणि आज तेथे एक कलासंग्रहालयही आहे. रुग्णालयाच्या दफनभूमींत ज्या रुग्णांना पुरले, त्यांच्यापैकी दीड हजारांहून अधिक जणांच्या दगडांवर नाव नव्हते. केवळ क्रमांक होता.

या रुग्णालयात घडलेली एक घटना विद्यापीठाच्या भूतकथांच्या केंद्रस्थानी आहे. १ डिसेंबर १९७८ रोजी एक रुग्ण स्त्री बेपत्ता झाली. १२ जानेवारी १९७९ रोजी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या वापरात नसलेल्या एका वॉर्डात सापडला. जेथे देह पडून होता, तेथील फरशीवर त्याच्या आकृतीचा डाग उमटला आणि तो आजही आहे. विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी त्या डागाचा अभ्यास करून २००८ साली त्याची रासायनिक घडण स्पष्ट केली. देहाच्या विघटनातून आलेली मेदाम्ले आणि फरशीतील द्रव्ये यांच्या संयोगातून तो झालेला आहे. लोककथेत मात्र हा डाग न पुसला जाणारा शाप आहे. एका रूपात त्या डागाला हात लावणारी विद्यार्थिनी पुढे विल्सन हॉलमध्ये आत्महत्या करते. नदीपलीकडचे रुग्णालय आणि अलीकडचे वसतिगृह यांना जोडणारा पूल कथेने अशा रीतीने बांधला आहे.

३

या कथांच्या रूपबंधाकडे वळण्यापूर्वी त्यांच्याविषयी मांडल्या गेलेल्या काही उपपत्तींची नोंद घेणे आवश्यक आहे. लिंडा डेग यांनी १९६९ साली 'इंडियाना फोकलोअर' या नियतकालिकात 'रूममेटचा मृत्यू' या कथेच्या वसतिगृहांत घडत जाणाऱ्या रूपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुटीत ओस पडलेल्या वसतिगृहात एकटी राहिलेली मुलगी रात्रभर दाराबाहेर खरवडल्याचा आवाज ऐकते आणि भीतीने दार उघडत नाही; सकाळी दार उघडते तेव्हा मदतीसाठी सरपटत आलेली तिची रूममेट उंबऱ्याशी मृतावस्थेत पडलेली असते. पुढे जान हॅरॉल्ड ब्रुनव्हांड यांच्या 'द व्हॅनिशिंग हिचहायकर' (१९८१) या ग्रंथामुळे अशा आधुनिक दंतकथांची चर्चा सर्वतोमुखी झाली. डेग आणि अँड्र्यू वाझोन्यी यांनी दंतकथेविषयी जो विचार मांडला, तो येथे विशेष उपयुक्त आहे. दंतकथा म्हणजे श्रद्धेचे सरळ विधान नव्हे. सांगणारा, ऐकणारा, शंका घेणारा आणि दुजोरा देणारा यांच्यात विश्वासार्हतेवरून चालणारा तो एक वाद असतो, अशी ती भूमिका आहे.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली विलक्षणाच्या वाङ्मयप्रकाराची जी व्याख्या केली, तिच्याशी ही भूमिका ताडून पाहण्याजोगी आहे. घटनेला नैसर्गिक स्पष्टीकरण आहे की ती अतिमानुष आहे, याविषयी वाचकाच्या मनात जोवर संदेह टिकतो, तोवरच विलक्षण टिकते, असे तोदोरोव्ह म्हणतात. संदेह कोणत्याही बाजूला मिटला की कथा दुसऱ्या प्रकारात जाते. लिखित कथेत हा संदेह निवेदनाच्या युक्तीतून, बहुधा प्रथमपुरुषी आणि अविश्वसनीय निवेदकाच्या योगे, निर्माण होतो. वसतिगृहातील मौखिक कथेत तो समूहात वाटला जातो. निवेदक घटनेचा साक्षी कधीच नसतो. 'माझ्या मित्राच्या मैत्रिणीची जी सीनियर होती, तिच्या बाबतीत' अशी कथेची सुरुवात होते. साक्षीदार नेहमी एका पायरीपलीकडे असतो आणि बहुतेकदा शिक्षण संपवून निघून गेलेला असतो. वसतिगृहाची सामूहिक स्मृती जेमतेम तीन-चार वर्षांची असते. तेवढ्या काळात सारे रहिवासी बदलतात. परिणामी दहा वर्षांपूर्वीची घटना येथे पुराणकाळात जाऊन बसते आणि कथेची छाननी करू शकेल असा कोणी उरत नाही. ज्याला आपण संदेह म्हणतो, त्याची सोय संस्थेच्या रचनेतच झालेली असते.

या कथांचे दुसरे रूपविशेष म्हणजे त्यांतील भुताचे मौन. अथेन्सच्याच परिसरात १८५०च्या दशकात जोनाथन कून्स नावाच्या शेतकऱ्याने मृतात्म्यांच्या बैठकींसाठी एक स्वतंत्र लाकडी खोली बांधली होती. दूरदूरहून लोक तेथे येत. तेथे वाद्ये वाजत आणि कर्ण्यातून आत्मे बोलत, असे ते सांगत. त्या आत्म्यांना पुष्कळ काही सांगावयाचे होते. आपल्या परंपरेतील वेताळपंचविशीचा वेताळही बोलका आहे. मौनाचे बंधन राजावर आहे, वेताळावर नाही. वेताळ प्रश्न विचारतो आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहणाऱ्याचे मस्तक फुटेल, असे बजावतो. विल्सन हॉलचे भूत मात्र बोलत नाही. ते दार आपटते, वस्तू हलवते, पावले वाजवते. त्याला ना निरोप आहे, ना मागणी, ना प्रश्न. डेग यांनी अभ्यासलेल्या कथेतील रूममेटसुद्धा हाक मारू शकत नाही. ती केवळ दार खरवडते. अमेरिकन वसतिगृहांतील भूतकथांत हे मौन वारंवार आढळते, आणि जो मृत बोलत नाही, त्याच्या वतीने कथा सांगणाऱ्याला काहीही बोलता येते. या मौनाचा उपयोग कथा कशी करते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

४

सिग्मुंड फ्रॉइड यांनी १९१९ सालच्या आपल्या निबंधात भयाच्या एका विशिष्ट जातीचे विवेचन 'उनहाइमलिश' या जर्मन शब्दाच्या आधारे केले. या शब्दाच्या पोटात घर आहे. जे घरचे, ओळखीचे होते, तेच दडपले जाऊन परके होऊन परतते, तेव्हा ही भावना निर्माण होते. वसतिगृहाच्या संदर्भात या उपपत्तीला थोडे वळण द्यावे लागते. येथे घर परके झालेले नसते. परक्या जागेला घर म्हणण्याचा प्रयत्न चाललेला असतो. मराठीतील 'वसतिगृह' हा शब्दच बोलका आहे. वस्तीला राहणे म्हणजे मुक्काम करणे, रात्रीपुरते थांबणे. आणि गृह म्हणजे घर. मुक्काम आणि घर यांतील ताण या एका समासात सामावलेला आहे. आपण ज्या खाटेवर झोपतो, तीवर काल कोणी दुसरे झोपत होते आणि उद्या कोणी तिसरे झोपेल, ही जाणीव रहिवाशाला असते. त्या पूर्वीच्या माणसाविषयी त्याला काहीही ठाऊक नसते. कपाटाच्या दारावर कोरलेली आद्याक्षरे हाच काय तो त्याचा मागमूस. भुताची जागा येथे आधीच तयार असते.

ग्रामीण भूतकल्पनेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. मराठी लोकसमजुतींतील भुतांची नावे पाहिली तर ती एका विशिष्ट तत्त्वावर आधारलेली दिसतात. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेला तो मुंजा. बाळंतपणात मेली ती अळवंतीण. इच्छा अतृप्त राहून वा मागे वंश न ठेवता मेला तो समंध. म्हणजे जीवनक्रमातील कोणत्या टप्प्यावर खंड पडला, कोणता संस्कार अपुरा राहिला, हे भुताचे नावच सांगते. या वर्गीकरणात जातिव्यवस्था आणि स्त्रीविषयक धारणा घट्ट रुतलेल्या आहेत, हे विसरता येत नाही. तरीही त्यात एक गोष्ट गृहीत आहे. मृत व्यक्ती कोणाची तरी होती, आणि तिचे काहीतरी देणे जिवंतांकडे बाकी आहे. म्हणूनच तेथे उतारा आहे, विधी आहे, पिंपळाचा पार आहे. भुताशी जिवंतांचा व्यवहार होऊ शकतो.

वसतिगृहाच्या भुताला असे नाते नाही. ते संस्थेच्या भाषेत ओळखले जाते : अमुक क्रमांकाची खोली, अमुक दशक, अमुक मजला. ४२८ हा खोलीचा क्रमांक भुताचे नाव होऊन बसतो. टेकडीवरच्या दफनभूमीतील क्रमांकित दगड आणि वसतिगृहातील क्रमांकित दार यांना नकाशावरच्या ताऱ्याने जोडणाऱ्या विद्यार्थ्यांना कदाचित कळले नसेल, पण त्यांच्या कल्पनेने एक खरे साम्य टिपले आहे. रुग्णालय आणि वसतिगृह या दोन्ही संस्था माणसाला प्रथम नोंदवहीत घेतात, त्याला क्रमांक देतात आणि मग खोलीत ठेवतात. त्यांचे हेतू अर्थातच भिन्न आहेत आणि दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु माणूस तेथे मेला, तर त्याचा मृत्यू संस्थेच्या दृष्टीने प्रथम नोंदवहीतील एक बाब असतो, हे दोन्हीकडे खरे आहे. गावच्या भुताचा उगम अपुऱ्या संस्कारात असेल, तर वसतिगृहाच्या भुताचा उगम अपुऱ्या नोंदीत आहे, असे म्हणता येईल.

५

इथपर्यंतचे विवेचन वाचून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, भूतकथा ही संस्थेची अनधिकृत बखर आहे. अधिकृत नोंद जे गाळते, ते भूतकथा जतन करते. हा निष्कर्ष आकर्षक आहे. दडपलेल्यांचा आवाज शोधण्याकडे आपल्या पिढीच्या समीक्षेचा जो कल आहे, त्याच्याशी तो जुळणाराही आहे. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग दिशाभूल करणारा आहे.

डागाची कथा पुन्हा पाहू. १ डिसेंबर ते १२ जानेवारी हा ४२ दिवसांचा काळ आहे. ज्यांच्या देखरेखीची जबाबदारी एका शासकीय संस्थेने घेतलेली होती, त्यांच्यापैकी एक व्यक्ती त्याच संस्थेच्या आवारात, त्याच वास्तुसंकुलात, ४२ दिवस सापडली नाही. ही घटना ऐकल्यावर सुचणारा पहिला प्रश्न असा असायला हवा की ती इतके दिवस का सापडली नाही. हा प्रश्न देखरेखीविषयी आहे, ओस पडलेल्या वॉर्डांविषयी आहे, मनोरुग्णांना समाजाने कोठे ठेवले याविषयी आहे. आता दंतकथा काय विचारते ते पाहावे. ती विचारते : डाग का पुसला जात नाही? पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्यास माणसे बांधलेली होती. दुसऱ्याला कोणीच बांधलेले नाही. त्याचे उत्तर भुताने द्यावयाचे आहे आणि भूत तर बोलत नाही.

या स्थानांतराला कथेच्या तपशिलांचा पाठिंबा मिळतो. सांगोवांगीच्या रूपांत ती स्त्री परिचारिकांशी लपंडाव खेळत होती, किंवा तिला ऐकू येत नव्हते, असे तपशील येतात. प्रत्येक तपशिलाचे कार्य एकच आहे : मृत्यूचे कारण मृताच्या वर्तनात वा वैगुण्यात शोधणे. ४२८ क्रमांकाच्या खोलीची कथाही याच दिशेने जाते. तेथील व्यक्ती गूढविद्येच्या नादी लागली होती. म्हणजे तिने स्वतःहून काहीतरी निषिद्ध केले आणि त्याचे फळ तिला मिळाले. एकट्या खोलीत एक तरुण माणूस मरतो, तेव्हा सोबतच्यांना काही दिसले होते का, कोणी दार ठोठावले होते का, हे प्रश्न या रचनेत उद्भवतच नाहीत. विल्सन हॉलमध्ये अशी घटना प्रत्यक्षात घडली असो वा नसो, कथेची ही रचना अर्थपूर्ण आहे. कारण जेथे अशी घटना खरोखर घडते, तेथे हीच रचना तयार साच्यासारखी वापरली जाते.

येथे 'रूममेटचा मृत्यू' या कथेचे महत्त्व लक्षात येते. माझ्या वाचनाप्रमाणे त्या कथेतील भय मारेकऱ्यामुळे निर्माण झालेले नाही. दाराबाहेर खरवडणारी आपलीच मैत्रीण होती आणि आपण दार उघडले नाही, हे सकाळी कळते, त्यात ते आहे. वसतिगृहाच्या कथापरंपरेत ही एक कथा अशी आहे की जिच्यात अपराधाची दिशा जिवंतांकडे वळते. तिच्यात भूत नाही, ही बाब योगायोगाची मानता येणार नाही. भूत आणले असते तर रात्रीच्या त्या आवाजाचे स्पष्टीकरण त्याच्यावर सोपवता आले असते. आवाज माणसाचाच होता हे ज्या क्षणी निश्चित होते, त्या क्षणी तोदोरोव्हप्रणीत संदेह मिटतो आणि जबाबदारी उरते. भूतकथा हा संदेह टिकवून ठेवते. वाङ्मयीन दृष्ट्या तो तिचा गुण आहे. नैतिक दृष्ट्या ती तिची सोय आहे.

तेव्हा भूतकथा मृत्यू जतन करते हे खरे, पण त्याविषयीचा प्रश्न बदलून जतन करते. तिला विस्मरण म्हणता येत नाही आणि निखळ स्मरणही म्हणता येत नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, या कथांचे खरे कार्य निराळे आहे. एलिझाबेथ टकर यांनी 'हॉन्टेड हॉल्स' (२००७) या ग्रंथात अमेरिकन महाविद्यालयांतील भूतकथांचा जो विस्तृत अभ्यास केला आहे, त्यात या कथांकडे प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरील दीक्षाविधी म्हणून पाहण्याची दृष्टी आहे. घर सोडून आलेला विद्यार्थी या कथांतून भयाला सामोरे जाण्यास, नव्या समूहात सामील होण्यास आणि मृत्यू व एकाकीपणा यांविषयी बोलण्यास शिकतो. हे सर्व मला मान्य आहे. रात्री दिवे गेल्यावर व्हरांड्यात जमून भुताच्या गोष्टी ऐकल्याशिवाय अनोळखी मुलांचे टोळके झाले नसते, हे आपल्यापैकी कोणीही सांगू शकेल. परंतु ही उपपत्ती सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा विचार करते. ज्याच्याविषयी सांगितले जाते त्याचा विचार तिच्या कक्षेत पुरेसा येत नाही. दीक्षाविधीला एक प्रतीक लागते, आणि येथे ते प्रतीक एका व्यक्तीच्या मृत्यूतून घडवलेले असते. मृत्यू काल्पनिक असेल तर हरकत नाही. तो खरा असेल, तर समीक्षकाला त्या व्यक्तीची बाजू घ्यावीच लागेल.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कथेकडून न्यायाची अपेक्षा धरणे हेच अनुचित नव्हे काय? कथा म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे. तिच्या कलात्मक व्यापाराला बाहेरचे निकष लावले की समीक्षा नीतिपाठात रूपांतरित होते. हा इशारा योग्य आहे. माझा आग्रह कथेने अहवाल व्हावे असा नाही. आपण ती वाचताना तिच्या रूपाचा अर्थ लावावा, एवढाच आहे. भुताचे मौन, साक्षीदाराची अनुपस्थिती, मृतावर सोपवलेले कारण आणि निरुत्तर राहील असाच निवडलेला प्रश्न, हे रूपाचे घटक आहेत. मी ते बाहेरून आणलेले नाहीत. या घटकांची परस्परसंगती दाखवली की कथेने कोणत्या प्रश्नाची जागा घेतली, हे संहितेतूनच वाचता येते. मृत्यूला कथारूप देताना कोणती किंमत मोजली गेली, हे सांगणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे आहे असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

नाव परत मिळाले की न्याय झाला, असेही येथे सुचवावयाचे नाही. रुग्णालयातील त्या स्त्रीचे नाव दंतकथेत शाबूत आहे, किंबहुना ते तिखटमिठासारखे पुन्हा पुन्हा उच्चारले जाते. प्रस्तुत लेखात ते हेतुतः टाळले आहे. नाव भुताला चिकटले की ते व्यक्तीकडे परत जात नाही, याचेच हे उदाहरण होय. याउलट टेकडीवरच्या दफनभूमींत जे घडले ते पाहावे. तेथे गेल्या काही दशकांत स्थानिक नागरिकांनी आणि मनोरुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेशी संबंधित कार्यकर्त्यांनी दफनभूमींची निगा राखली आणि क्रमांकांमागील माणसे शोधण्याचे काम हाती घेतले. जुन्या नोंदवह्यांतून नाव, गाव, मृत्यूचे वर्ष असे तपशील जुळवावयाचे, वंशज असतील तर त्यांना कळवावयाचे, असे हे काम. त्यात कथानक नाही, भय नाही, उत्कंठा नाही. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर ती केवळ यादी आहे. परंतु भूतकथेने टाळलेला प्रश्न या यादीने विचारला आहे : हे कोण होते, आणि ते येथे असे का पडून राहिले?

७

हा सारा विचार मनात येण्यास एक निमित्त झाले, ते सांगून लेख संपवतो. पदव्युत्तर वर्गात लोकसाहित्य शिकवताना विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील एकेक मौखिक कथा लिहून आणण्यास मी सांगत असतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तिच्या जुन्या वसतिगृहातील कथा लिहून आणली. दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली बंद असते. रात्री तेथून बादली सरकवल्याचा आवाज येतो. पूर्वी तेथे राहणारी मुलगी प्रेमभंगामुळे गेली. लेखन चांगले होते. वर्गातही ते सर्वांना आवडले. चर्चेत मी सहज विचारले, 'ती कोणत्या वर्गात होती?' ते कोणाला ठाऊक नव्हते. प्रेमभंगाचे कोणी सांगितले, हेही ठाऊक नव्हते. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, ती फार जुनी गोष्ट नाही. माझी मोठी बहीण तिच्याच वर्गात होती. तिचा एक विषय दोनदा राहिला होता आणि फी भरायची होती.' क्षणभर कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर वर्गात भुताविषयी कोणी बोलले नाही. फी किती होती, ती भरण्याची मुदत वाढवून मागता येते का, वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना हे ठाऊक होते का, असे प्रश्न निघू लागले. माझ्यापाशी त्यांची उत्तरे नव्हती. तास संपल्याची घंटा झाल्यावरही चार-पाच विद्यार्थी थांबले होते. त्या विद्यार्थिनीने आपली वही परत मागून घेतली, शेवटच्या परिच्छेदातील 'प्रेमभंगामुळे' हा शब्द खोडला आणि तेथे काय लिहावे, असे मला विचारले. मी तिला ती जागा तूर्त कोरीच ठेवण्यास आणि मैत्रिणीच्या बहिणीला भेटून येण्यास सांगितले.